नजलाच्या मिशा

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं! काका हो म्हणाले!

अख्खी दुपार मी त्यांच्या अंगणात चहा पीत बसले होते. काका जुम्म्याची नमाज उरकून आले ते थेट कोंबड्यांवरच. बाबा गेल्यापासून पागेत त्यांचा अर्धा वाटा आहे, आणि त्यांच्या डोक्यात एकच किडा – घोडे विका, तिथे पिंजरे लावा. कोंबड्यांच्या तीन शेड आहेतच, चौथीला जागा हवी. "कोंबडी रोज अंडं देते. तुझी घोडी रोज काय देते?" उत्तरही स्वतःच दिलं – "लीद." आणि स्वतःच हसले.

मग मीही बोलून गेले. म्हटलं, काका, पुढच्या महिन्याच्या शेवटी जिल्ह्याचा अरबी घोड्यांचा मेळा आहे. तिथे सौंदर्याच्या रिंगणात नजलाचा पहिला नंबर आला तर? त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, पहिला आला तर मी मरेपर्यंत पागेचं नाव काढणार नाही. दुसरा आला तर मात्र मेळ्यानंतरच्या सोमवारी पिंजरे येणार. मी हात पुढे केला, त्यांनी हातात घेतला. घोडे सांभाळणारा आमचा मोतद्दार शेहाता साक्षीला उभा होता, त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

माझ्या नाही पळालं. पहिला म्हणजे पहिला!

३० ऑगस्ट

झोप कसली. पहाटेच पागेत गेले. नजला मला बघून फुरफुरली – मी दार उघडायच्या आधीच! पावलावरून ओळखते.

बाबांच्या हातावर जन्मली ही. ओली, काळी, काटकुळी, आणि तोंडभर नुसते डोळे. म्हणून नजला – मोठ्या डोळ्यांची. आता पांढरीशुभ्र झाली आहे, पण डोळे तसेच. समोर उभं राहिलं की त्यात आपणच दोनदा दिसतो. बाबांनी तिला कधी फाटकाबाहेर नेलं नाही. म्हणायचे, पोरीला काय बाजारात बसवायची? पागा, अंगण, कालव्याकडेची खजुरांची वाट, आणि सोबतीला शेळी – एवढंच तिचं जग. शेळीचं नाव हानिम, म्हणजे बाईसाहेब. गळ्यात घंटा, चालण्यात तोरा. ही पुढे आणि राणीसारखी नजला मागे.

बाबा, माफ करा. आता बाजारात बसवावी लागणार. नाहीतर बाजारच इथे येतोय, पिसं उडवत.

३ सप्टेंबर

आज कॅप्टन रामझी येऊन गेले. रिंगणात घोडा धरावा तर त्यांनीच. केसांना तेल, बूट चकचकीत, आणि तोंडात सदा सूर्यफुलाच्या बिया. नजलाभोवती फिरले. सालं थुंकत होते नुसते. माझा जीव टांगणीला! शेवटी तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ही आजवर कुठे लपवून ठेवली होती?

मी शाळेत पोरींना रसायनशास्त्र शिकवते, चारचौघांत नाचत नाही. ते गेल्यावर नाचले. शेहाताने बघितलं. बघू दे.

६ सप्टेंबर

नजलाला कॅप्टनच्या आवारात हलवलं. ट्रकमध्ये चढेना. ओढलं, चुचकारलं, गाजर दाखवलं – ढिम्म. पाय रोवून थरथरत उभी. शेवटी शेहाताने हानिमला आधी चढवलं. आत घंटा वाजली, आणि नजला सरळ वर. कॅप्टन म्हणाले, वधूबरोबर पाठराखीण आली.

नवीन जागेत मात्र काय चालली ती! पाय असा उचलते की गुडघा छातीला लागेल, मग हळूच ठेवते, जणू खाली अंडी मांडलीत. दुडकीत तर हवेतच. कॅप्टनकडे कामाला असलेली पोरं काम सोडून कुंपणाला टेकली. ही चाल पैदाशीतच असावी लागते, शिकवून येत नाही, असं कॅप्टन म्हणाले. आणि घरी खजुरांखाली ती अशी कधी चालली नव्हती! आमच्या अंगणात कोण बघणार होतं म्हणा. चारचौघांत आली आणि खुलली.

९ सप्टेंबर

चाबकाला घाबरत नाही!! उद्या लिहीन, वह्या तपासायच्यात.

१० सप्टेंबर

तर चाबूक. कॅप्टन मारत नाहीत, पण घोड्यासमोर चाबूक वर धरून उभे राहतात. घोडा मान ताणतो, डोळे पांढरे करतो, नाकपुड्या फुलवतो, आणि परीक्षक म्हणतात वा, काय तेज! मला ते कधीच आवडलं नाही. ते तेज नाही, भीती आहे. मी तसं कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, मादाम, तुम्हाला पहिला नंबर हवा की घोडीशी मैत्री? मी म्हटलं, दोन्ही.

आणि झालं तसंच! त्यांनी चाबूक वर केला, नजला शांत. नाकासमोर हलवला, पापणीही लवली नाही. कॅप्टन चक्रावले. मी फुशारकीने सांगितलं, आमच्या घरात हिच्यावर कधी कोणी हात उगारला नाही, घाबरेल कशाला?

पण भीती नाही तर मान कशी ताणणार, कान कसे उभे राहणार? यावर कॅप्टनची सगळी विद्या संपली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अडचण सुटली. आणि सोडवली कोणी? हानिमने!

नजला रिंगणात मध्यभागी उभी होती, कान सैल, चेहरा झोपाळू. कॅप्टन प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळवून दमले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेहाता शेळीला पाणी पाजायला घेऊन निघाला. घंटा वाजली मात्र – नजलाचे कान टोकाला टोक भिडून वर! मान लांब, नाकपुड्या फुललेल्या, सगळं अंग त्या एका आवाजाकडे. शेहाता थांबला, घंटा थांबली, तरी ती तशीच. दगडात कोरल्यासारखी! कॅप्टनच्या हातातल्या बिया खाली पडल्या.

"या शेळीला पगार सुरू करा," ते म्हणाले.

घरी येऊन दोन वाट्या मुलूखियाची पातळ भाजी ओरपली. काकूंनी विचारलं, काय गं, लग्न ठरलं की काय तुझं? त्याहून मोठं, काकू.

१५ सप्टेंबर

घोडेमालकांच्या ग्रुपवर आज रणधुमाळी. सुरुवात मादाम शाहिनाझने केली, नेहमीप्रमाणे. कैरोबाहेर तिची मोठी पागा, घोडे देखणे, आणि जीभ त्याहून लांब. विषय – नाकाच्या मिशा. रिंगणात न्यायच्या आधी आपण सगळे घोड्याच्या नाकाओठांवरचे आणि डोळ्यांखालचे लांब केस वस्तऱ्याने साफ करतो आणि तेल लावतो. चेहरा काळा, नितळ, कोरीव दिसतो. शाहिनाझ म्हणते हे पाप आहे. परदेशात कितीतरी ठिकाणी बंदी आली, आपल्याला कधी लाज वाटणार? ती घोड्याची बोटं आहेत, त्यांनीच तो जग चाचपतो.

मग काय! एकाने विचारलं, मादाम, तुम्ही भुवया कोरता तेव्हा कोणाची परवानगी घेता? दुसरा म्हणाला, हिला आधी घोड्यांचे चेहरे आवरायला सांगा, तिच्या पागेतली शिंगरं एवढ्या खोलगट नाकाची झालीत की झोपेत घोरतात. त्यावर तिने त्याच्या घोड्याच्या पाठीवर शेरा मारला. तिसऱ्याने सगळ्यांना जुम्म्याच्या शुभेच्छा पाठवल्या, सोमवारी!

मीही लिहिलं. मी कशी गप्प बसेन? लिहिलं की चाबकाला माझा विरोध आहे, पण केसांचं काय एवढं – केस आहेत, पुन्हा येतात. बोटं असती तर घोड्याला दुखलं नसतं का?

खूप जणांनी अंगठे दिले. शाहिनाझने फक्त लिहिलं, "दुखत नाही म्हणून गेलेलं कळत नाही." मोठी आली तत्त्वज्ञ!

१८ सप्टेंबर

कॅप्टननी नजलाची चित्रफीत ग्रुपवर टाकली. शाहिनाझला काय वाटलं असेल, आहा! तिचीही घोडी त्याच गटात आहे. पण बाई खरंच मोकळ्या मनाची, हे मान्य करायला हवं. तिने लिहिलं, बघा सगळे, चाबकासमोर न भ्यालेली घोडी अशी दिसते. वीस वर्षं हेच सांगतेय मी.

चाबूकवाले म्हणतात काय चाल! चाबूकविरोधी म्हणतात काय धीर! दोन्ही पक्ष एका घोडीवर खूश, हे आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच घडलं. मी तिच्या गळ्यात निळा मणी बांधला. दृष्ट लागायला कितीसा वेळ लागतो.

२१ सप्टेंबर

काका आज कॅप्टनच्या आवारात आले. सहज, म्हणे. कोंबड्यांचं खाद्य आणायला निघालो होतो. खाद्याचं दुकान बरोबर उलट्या दिशेला!

उन्हात उभे राहून बराच वेळ बघत होते. निघताना विचारलं, बापाला आवडली असती का गं ही तिची चाल? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, हं. मग गाडीत बसता बसता, माझं मन विरघळलं असं समजू नकोस, पिंजऱ्यांची ऑर्डर देऊन ठेवली आहे.

द्या ऑर्डर. रद्दही करावी लागेल!

२४ सप्टेंबर

मिशा काढल्या.

कॅप्टननी वस्तरा हातात घेतला तर नजला मान झटकायला लागली. चाबकाला न घाबरणारी घोडी वस्तऱ्याला घाबरते, गंमतच. शेवटी मीच घेतला. माझ्या हाताखाली ती उभी राहिली. डोकं माझ्या खांद्यावर टेकवून, सुस्कारे टाकत. ओठांवरचे, हनुवटीवरचे, डोळ्यांखालचे – एकेक केस साफ. मग तेलाचं बोट फिरवलं. काय रूप आलं! काळ्या मखमलीवर चांदणं पडावं तसं. मी बाबांच्या आठवणीने थोडी रडलेही, आनंदाने.

केस शेहाताने झाडून टाकले. शाहिनाझची बोटं गेली वाऱ्यावर.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेळ्यात पोचलो. धूळ, ढोल, सनया, भाजलेल्या कणसांचा वास. पलीकडच्या मैदानात नाचणारे घोडे, अलीकडे आमचे नटवे. माझ्या पायाला भिंगरी लागली आहे.

तपासणीला डॉक्टर होते. लंगडा नको, आंधळा नको, आजारी नको, हा नियमच. आमच्यापुढचा एक करडा घोडा जरा पाय ओढत होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याचा मालक ढसाढसा रडला, मला बघवेना. नजलाचे पाय, दात, श्वास – सगळं ठीक. डोळ्यांशी डॉक्टर थबकले. "माशाल्ला. हे डोळे की विहिरी?" आणि सही केली.

तिथल्या बादलीवर मात्र तिने नाक आपटलं. दोनदा. पाण्याचा थेंबही प्याली नाही, मग मी ओंजळीने पाजलं तेव्हा प्याली. नाकावर खरचटलं. कॅप्टन म्हणाले, नवी जागा, लाडावलेली पोरगी, चालायचंच. त्यावर काळं मलम लावलं, दिसतसुद्धा नाही.

उद्या. या अल्ला, उद्या!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली!!! पहिली पहिली पहिली!

अक्षर बघा माझं.

नीट लिहिते. शाहिनाझची घोडी आमच्या आधी गेली. सुंदर होती, खोटं का बोला. गुणही भरपूर मिळाले. मग नजला. आत शिरताना क्षणभर थांबली, कान इकडेतिकडे, मग कॅप्टनच्या हाताला हात लावल्यासारखी त्यांच्या दंडाला चिकटून चालू लागली. आणि दुडकी! लोक उभे राहिले. पाय वर, अजून वर, अलगद खाली. सगळं मैदान शिट्ट्या मारतंय, आणि ती मात्र कुठेच बघत नाही. राण्या बघतात का गर्दीकडे?

मध्यभागी उभं राहायची वेळ आली. मी कुंपणाबाहेर शेहाताला खूण केली. त्याने हानिमची दोरी सैल सोडली. घंटा! कान वर, मान लांब, डोळे – ते डोळे! तिघे परीक्षक परदेशी, त्यातली एक म्हातारी बाई नजलासमोर वाकली आणि बघतच राहिली. डोक्याला आणि डोळ्यांना पैकीच्या पैकी गुण. पूर्ण मेळ्यात एवढे कुणालाच नाहीत. भोंग्यावरून आकडा सांगितला तेव्हा मी कोणाला मिठी मारली ठाऊक आहे? शाहिनाझला! तिनेही मारली. म्हणाली, मिशा तेवढ्या ठेवायच्या होत्यास गं.

काका रांगेत शेवटी उभे होते. उपरण्याने डोळे पुसत होते. धूळ फार होती, म्हणाले. मग फोन काढला आणि माझ्यादेखत पिंजरेवाल्याला सांगितलं, नको बाबा, ऑर्डर रद्द.

पागा राहिली. बाबा, पागा राहिली.

२८ सप्टेंबर

घरी परत. चषक दिवाणखान्यात, काकूंनी त्याच्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवली. सगळा गाव येऊन गेला. फतीरच्या पोळ्या आणि मध वाटून हात दुखले. काका प्रत्येकाला दुडकी चाल करून दाखवतात, या वयात! कोंबड्यांचा विषय नाही.

नजला थकली असावी. आज आपल्याच पागेत, आपल्याच गव्हाणीला तोंड आपटून घेतलं. नाकावर तीन ठिकाणी खरचटलंय. बरसीमचा चारा समोर असून शोधत राहते. दगदग झाली पोरीला. आठवडाभर आराम.

२९ सप्टेंबर

शेहाता म्हणतो हानिमला गोठ्यात बांधलं की नजला जागची हलत नाही. मी म्हटलं, मोठी माणसं झालीत आता, नखरे असायचेच. शाळेत पोरींनी फळ्यावर घोडी काढली होती. डोळे एवढे मोठे की बाकी घोड्याला जागाच उरली नाही! खूप हसलो.

१ ऑक्टोबर

सकाळी काका ऊस सोलून घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा नजलासाठी काहीतरी. हानिम चरायला गेली होती, पागेत शांतता. काका तिच्या समोर उभे राहिले, काही न बोलता, ऊस पुढे धरून. ती कान हलवत राहिली. त्यांनी हात डावीकडे नेला. उजवीकडे नेला. मग हाताचा पंजा तिच्या डोळ्याला लागेल इतका जवळ नेला. पापणी लवली नाही.

"इन्शिराह," ते म्हणाले, "ही मला बघत नाहीये, पोरी."

डॉक्टर आले. दोन्ही डोळे. वरून स्वच्छ, आतून विझलेले. वर्ष झालं असावं, कदाचित जास्त. आपल्या जागेत ती घंटेवर आणि मिशांवर जगत होती, म्हणाले. मग त्यांनी तिच्या नाकाकडे बघितलं आणि विचारलं, या कोणी काढल्या?

मी.

मेळ्याच्या समितीला फोन केला. काका समोर बसून होते. मी सगळं सांगितलं, चषक उद्या परत आणते म्हणाले, फोन ठेवला. आता ते पिंजऱ्यांचं बोलणार म्हणून मी मान खाली घालून बसले. शब्द शब्दच असतो.

काका सकाळचा ऊस हातात घेऊन उठले.

"मिशा किती दिवसांत येतात गं परत?"